कोडी: पस्तीस नॉटचं जहाज आणि त्यातलं ऑपरेशन थिएटर

इंजिनरूम

गेल्या आठवड्यात हॉस्पिटल जहाजांच्या धाग्यावर मर्सी आणि कम्फर्ट या दोन अमेरिकन जहाजांवरून बरीच जुंपली होती. अमेरिकन नौदल आता त्या अजस्र पांढऱ्या जहाजांना पर्याय शोधतंय असं मी तिथे लिहिलं, आणि पुढच्या वीस प्रतिसादांत विषय टायटॅनिकवर गेला. म्हणून वेगळा धागा.

जहाजाचं नाव यूएसएनएस कोडी, वायोमिंग राज्यातल्या कोडी गावावरून. अलाबामातल्या मोबील शहरात ऑस्टल यूएसएच्या यार्डात बांधलं, जानेवारी २०२४ मध्ये नौदलाच्या ताब्यात आलं. स्पीअरहेड वर्गातलं हे चौदावं जहाज, पण सुधारित आराखड्याचं, ज्याला ते 'फ्लाइट टू' म्हणतात, पहिलंच.

आधी मूळ स्पीअरहेड. १०३ मीटर लांब, साडेअठ्ठावीस मीटर रुंद, आख्खा अ‍ॅल्युमिनियमचा कॅटामरान, म्हणजे शेजारी शेजारी दोन सांगाडे आणि वर एक डेक. पाण्याखाली चार मीटरसुद्धा नाही. चार एमटीयू डिझेल इंजिनं, प्रत्येकी ९,१०० किलोवॅट. प्रोपेलर नाहीतच, मागे पाणी जोरात फेकणारे चार वॉटरजेट. सुमारे ६०० टन माल घेऊन ३५ नॉटने १,२०० सागरी मैल जायचं, हे त्याचं काम. थोडक्यात नौदलाचा टेम्पो. ट्रक, जीप, वेळ पडली तर अब्राम्स रणगाडा मागच्या रॅम्पवरून आत. ३१२ माणसांना विमानात असतात तशा खुर्च्या, १०४ जणांना झोपायला बंक. चालवणारे गणवेशातले नाहीत, मिलिटरी सीलिफ्ट कमांड या नौदलाच्या वाहतूक विभागाचे नागरी खलाशी आहेत, मूळ आराखड्यात अवघे २६. आमच्या व्यापारी जहाजांवर एवढ्याच माणसांत काम चालतं, पण आमच्यावर हेलिकॉप्टर उतरत नाही.

आता इंधनाचं गणित, कारण ते मला झोपू देत नाही. चारही इंजिनं मिळून ३६,४०० किलोवॅट. किलोवॅट-तासाला दोनशे ग्रॅम धरा. तासाला सात टनांच्या वर डिझेल जातं. १,२०० मैल पस्तीसने म्हणजे चौतीस तास, म्हणजे अडीचशे टन. वेग फुकट मिळत नाही.

फ्लाइट टूमध्ये काय वाढवलं? शस्त्रक्रियेची सोय, मर्यादित आयसीयू, प्रयोगशाळा, आणि हेलिकॉप्टरसारखं उभं उतरणारं ऑस्प्रे विमान पेलेल इतका मजबूत डेक. माल वाहायची सोय राखूनच हे सगळं बसवलंय.

याच्याशेजारी मर्सी-कम्फर्ट ठेवून बघा. सत्तरच्या दशकातले तेलवाहू टँकर, नंतर हॉस्पिटल केलेले. २७२ मीटर लांबी, हजार खाटा, बारा ऑपरेशन थिएटरं, वेग साडेसतरा नॉट. हुकूम आल्यापासून निघेपर्यंत पाच दिवस धरलेले असतात. पाण्याखाली दहा मीटर, त्यामुळे लहान बंदरात शिरायचं नाव नको. २०२० साली कोविडमध्ये कम्फर्ट न्यूयॉर्कला गेलं आणि जेमतेम १८२ रुग्ण बघून परतलं. मर्सीने लॉस एंजेलिसला ७७ बघितले. हजार खाटांचं जहाज!

माझं मत असं: हॉस्पिटल मोठं असण्यापेक्षा जखमी माणसाजवळ लवकर पोचणं महत्त्वाचं. चार मीटर पाण्यात जाणारं, पस्तीस नॉटचं, दोन सर्जन बसलेलं जहाज मला हजार खाटांपेक्षा जास्त उपयोगी वाटतं. जाणकारांनी हाणावं.

नवखा

रुमाल टाकून ठेवतो. नॉट म्हणजे ताशी किती किलोमीटर ते कोणी सांगेल का?

इंजिनरूम

१.८५ ने गुणा. पस्तीस म्हणजे साधारण पासष्ट. मुंबई ते मुरगाव समुद्रमार्गे सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास, म्हणजे साडेसहा तास. कागदावर.

मांडवाकर

"कागदावर" हे बरं लिहिलंत!

आमचं आख्खं आयुष्य कॅटामरानवर अवलंबून. गेटवे ते मांडवा. मे संपत आला की बंद, थेट ऑगस्टअखेरपर्यंत. का? लाट. नव्वदच्या दशकात मुंबई-गोवा कॅटामरान सुरू झाली होती तेव्हा आमचे काका मोठ्या हौसेने बसले. रत्नागिरी मागे पडेपर्यंत पिशव्या वाटून संपल्या होत्या म्हणे. येताना एसटीने आले.

या जहाजाचा पेंटागॉनच्या चाचणी विभागाचा अहवाल जाहीर आहे, गंमत म्हणून वाचा. लाटांची उंची सव्वा मीटरपर्यंत असेल तर ३५ नॉट. अडीच मीटरपर्यंत गेली की १५ नॉट. चार मीटरपर्यंत गेली की ५ नॉट. त्याच्यावर गेली की जागच्या जागी थांबायचं आणि समुद्र निवायची वाट बघायची. शिवाय पहिल्या काही जहाजांची नाकाडं लाटांनी चेपली, २०१६ साली ती मजबूत करायला वेगळा खर्च करावा लागला. वजन वाचवायचं म्हणून पुढचा भाग हलका ठेवला होता, त्याचं हे फळ.

आपल्या अरबी समुद्रात जुलै महिन्यात तीन-चार मीटरची लाट काही विशेष नाही. म्हणजे पावसाळ्यात तुमचं पस्तीस नॉटचं जहाज पाच नॉटने. त्यापेक्षा रेवसची होडी बरी.

१७ मे २०२१ आठवा. तौक्ते चक्रीवादळ. बॉम्बे हायजवळ पी-३०५ बार्ज बुडाला, त्यावर २६१ माणसं होती, १८६ वाचली. त्या रात्री आयएनएस कोची आणि कोलकाता तिथे उभ्या राहिल्या, कारण त्या साडेसात हजार टनांच्या पोलादी विनाशिका आहेत. कोडीसारखं जहाज त्या रात्री मुंबई बंदरातून बाहेर पडलं असतं का? नाही. मग ऑपरेशन थिएटर कोणासाठी?

इंजिनरूम

मांडवाकर, मुद्दा बिनतोड आहे. पण वादळात हेलिकॉप्टरही उडत नाही म्हणून कोणी हेलिकॉप्टर घ्यायचं थांबवत नाही. वादळ गेल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत रस्ते तुटलेले, बंदरात गाळ आणि बुडालेल्या होड्या, अशा वेळी चार मीटर पाण्यात जाणारं जहाज सोन्यासारखं.

आखातकाठी

मी मोबीललाच राहते, सात वर्षं होतील आता. नदीच्या या बाजूला शहर आणि त्या बाजूला ऑस्टलच्या लांबलचक शेड. पार्कात बाकावर बसलं की समोर ही जहाजं बांधून तरंगत उभी दिसतात. लांबून करडा ठोकळाच वाटतो, वर चपटा डेक. समोरून मात्र दोन नाकं आणि मधे बोगदा, त्यातून पलीकडचं पाणी दिसतं. माझ्या मुलाला तो बोगदाच आवडतो. याच यार्डात लिटोरल कॉम्बॅट शिप या युद्धनौकांचे ट्रायमरानही (तीन सांगाड्यांचे) व्हायचे, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियम जोडणारे वेल्डर इथे पिढीने तयार झालेत. पोलादाचा वेल्डर उचलून या कामाला लावता येत नाही म्हणतात.

एक भर घालते. नौदल कोडीवर थांबलेलं नाही. फ्लाइट टूची पुढची दोन पॉइंट लोमा आणि लान्सिंग. आणि डिसेंबर २०२३ मध्ये ऑस्टलला तीन पूर्ण वैद्यकीय जहाजांचं कंत्राट मिळालं, सुमारे ८७ कोटी डॉलरचं. बेथेस्डा, बाल्बोआ, पोर्ट्समथ. तिन्ही नावं नौदलाच्या मोठ्या इस्पितळांवरून. कॅटामरानच, पण टेम्पोचं काम काढून टाकून आख्खं जहाज रुग्णांसाठी. म्हणजे कोडी हा मधला टप्पा समजा.

भूलवाली

मी भूलतज्ज्ञ. जहाजावर कधी भूल दिलेली नाही, दिवसभर जमिनीवरच देते. तरी या धाग्यात दोन गोष्टी घुसडते, कारण "दोन सर्जन बसवले" म्हणून इंजिनरूम मोकळे झाले.

अशा जहाजावर जे होतं ते आपल्याला माहीत असलेलं ऑपरेशन नव्हे. पोटात गोळी लागलेला माणूस आला तर पोट उघडायचं, रक्तस्राव थांबवायचा, आतडं फाटलं असेल तर तेवढा भाग बांधून टाकायचा, मॉप (गॉजच्या जाड घड्या) भरून ठेवायचे आणि पोट शिवायचं नाही. वर तात्पुरतं झाकण. तासाभरात टेबलावरून खाली. पेशंट गार पडलेला असतो, रक्त गोठत नसतं, रक्तात आम्ल वाढलेलं असतं. अशा अवस्थेत चार तास नीटनेटकं ऑपरेशन करत बसलात तर ऑपरेशन उत्तम होतं आणि माणूस जातो. आयसीयूत त्याला ऊब द्यायची, रक्त द्यायचं, आणि एक-दोन दिवसांत मोठ्या ठिकाणी पोचवायचं, जिथे पोट परत उघडून खरी दुरुस्ती होते. म्हणून त्या आयसीयूला "मर्यादित" म्हणतात. पेशंट तिथे राहायला आलेलाच नसतो.

त्यामुळे खाटा मोजण्यात अर्थ नाही, हे इंजिनरूमचं बरोबर. पण जहाजाचा वेग किती हाही प्रश्न अर्धाच. खरा प्रश्न असा की जहाजावरून पुढे पेशंट कशाने जाणार? तो पुढचा मार्ग बंद असेल तर दोन पेशंटमध्ये आयसीयू भरली, तिसऱ्याला दारातून परत.

दुसरं, रक्त. लाल पेशींची पिशवी फ्रीजमध्ये जास्तीत जास्त बेचाळीस दिवस टिकते. प्लेटलेट पाच-सात दिवस, त्याही सतत हलवत ठेवाव्या लागतात (जहाजावर ते आपोआप होईल म्हणा). एक मोठा जखमी वीस-तीस पिशव्या गिळू शकतो. म्हणून लष्करात चालती-बोलती रक्तपेढी असते: जहाजावरच्याच लोकांचे गट आधी तपासून यादी तयार, आणि घोषणा झाली की हे लोक बाही वर करून रांगेत. ताजं, गरम, अखंड रक्त. पण २६ खलाशांच्या जहाजावर किती देणार? आणि ज्याने अर्ध्या लिटरच्या आसपास रक्त दिलं त्याला लगेच इंजिनरूममध्ये पाठवणार का? सैनिक जहाजावर असतील तर रांग लांब होते. म्हणजे तीनशे खुर्च्या आणि ऑपरेशन थिएटर एकाच जहाजावर असण्याला माझ्या दृष्टीने हा एक फायदा आहे. कोणी आराखडा करताना तसा विचार केला असेल नसेल.

तिसरं विचारायचंय, लाटेत हे जहाज हलतं कसं? मला डोलण्यापेक्षा झटक्यांची भीती जास्त. टेबल संथ झुकलं तर आपणही झुकतो. झटका बसला तर सुरी कुठे जाईल?

इंजिनरूम

तुम्ही नेमकी दुखरी नस पकडलीत. कॅटामरान रुंद असल्यामुळे एका बाजूला फार कलत नाही, पण कलतो तो लगेच परत सरळ होतो, खाडकन. लाट तिरकी आली तर एक सांगाडा वर, दुसरा खाली, आणि सगळं जहाज स्क्रू फिरवल्यासारखं फिरतं. लाट मोठी असेल तर दोन सांगाड्यांच्या मधल्या पोटाला खालून थाप बसते.

हे कमी करायला पाण्याखाली हलणारे पंख असतात. संगणक क्षणाक्षणाला त्यांचा कोन बदलतो. पण ते पंख पाणी वाहतं असेल तेव्हाच काम करतात. जहाज थांबलं की पंख म्हणजे नुसता पत्रा. आणि ऑपरेशन करायचं तर कॅप्टन वेग कमी करणार किंवा थांबणार. मग डोलणं थोपवायला काहीच नाही.

मी असतो तर किनाऱ्याच्या आडोशाला, एखाद्या बेटामागे नेऊन उभं केलं असतं. चार मीटर पाण्याचा तोही फायदा: आडोसा शोधायला जागा जास्त मिळतात.

अश्विनीकर

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. नौदलात मेडिकल असिस्टंट होतो, शेवटची वर्षं कुलाब्याला नौदलाच्या आयएनएचएस अश्विनी इस्पितळात. आता पेन्शनीत.

तुम्ही सगळे थिएटरवर बोलताय. माझा अनुभव सांगतो, जहाजावर माणूस थिएटरपर्यंत पोचवणं हेच अर्धं काम. युद्धनौकेच्या गल्ल्या दोन माणसं अंग चोरून जातील एवढ्या. शिड्या उभ्या. साधं स्ट्रेचर वळणावर वळतच नाही. त्यासाठी नील रॉबर्टसन स्ट्रेचर असतं: कॅनव्हास आणि बांबूच्या पट्ट्या, माणसाला त्यात गुंडाळून पट्टे आवळायचे, कपाळालासुद्धा पट्टा, आणि दोरीने उभाच्या उभा हॅचमधून खेचायचा. खालचा माणूस पायाची दोरी धरतो, नाहीतर पेशंट कडेला आपटतो. सरावाला आम्ही नव्या पोरांना गुंडाळायचो. बाहेर काढल्यावर पोरगा म्हणायचा, सर, याच्यापेक्षा जखम बरी.

या कॅटामरानचं मला आवडलं ते हे, की मधला माल ठेवायचा मजला मोकळा आणि सपाट, वीस हजार चौरस फुटांच्या आसपास. गाडी थेट रॅम्पवरून आत येते. म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्ससुद्धा येईल. जखमींची छाननी तिथेच करता येईल: कोण आधी, कोण नंतर, कोणाला नुसता हात धरून बसायचं. याला जागा लागते, आणि जागा युद्धनौकेवर कधीच नसते.

नवखा

काका, आपल्या नौदलाकडे असं काही आहे का?

अश्विनीकर

हुबेहूब असं नाही. आपली रीत वेगळी. आपण सर्वेक्षण जहाजांना हॉस्पिटल करतो. एरवी समुद्राचा तळ मोजायचा, गरज पडली की खाटा लावायच्या. २००४ च्या सुनामीनंतर जमुना श्रीलंकेला आणि निरूपक इंडोनेशियाला याच रूपात गेलं. त्याच कामाचं नवं संधायक फेब्रुवारी २०२४ मध्ये विशाखापट्टणमला दाखल झालं, कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये बांधलेलं. त्यातही आणीबाणीत हॉस्पिटल करायची सोय आहे. वेग पस्तीस नाही, निम्माच.

आणि सैन्य वाहून नेणारं जलाश्व विसरू नका. चार ऑपरेशन थिएटरं, बारा खाटांचा वॉर्ड, लॅब, दातांचा दवाखानासुद्धा. मे २०२० मध्ये मालेहून ६९८ माणसांना कोचीला आणलं ते हेच. अमेरिकेकडून २००७ साली घेतलं, तेव्हा त्याचं नाव ट्रेंटन होतं.

आखातकाठी

आणि ते ट्रेंटन नाव मोकळं झालं म्हणून स्पीअरहेड वर्गातल्या पाचव्या जहाजाला मिळालं! तेही इथेच बांधलं. २०१८ च्या जूनमध्ये लिबियाजवळ त्याने बुडणाऱ्या रबरी होडीतून ४१ स्थलांतरितांना वाचवलं. पण त्यांना कोणत्या बंदरात उतरवायचं यावरून युरोपात घोळ चालला होता, आणि इटलीच्या तटरक्षकांनी घेईपर्यंत ती माणसं कित्येक दिवस त्या टेम्पोतच होती. तो जुना आराखडा, आयसीयू वगैरे काही नाही.

कलम_३४

वाचनमात्र होतो, पण कोणीच कायद्याला हात लावला नाही म्हणून लिहितोय.

मर्सी-कम्फर्ट पांढरी का? हौस म्हणून नव्हे. १९४९ च्या दुसऱ्या जिनिव्हा करारात कलम ४३ सांगतं की हॉस्पिटल जहाजाच्या बाहेरच्या सगळ्या बाजू पांढऱ्या हव्यात आणि त्यावर गडद लाल क्रॉस, लांबून आणि आकाशातून दिसतील असे. कलम २२ प्रमाणे जहाजाचं नाव आणि वर्णन वापराच्या दहा दिवस आधी शत्रूला कळवायचं. कलम ३४ प्रमाणे गुप्त सांकेतिक भाषेत संदेश पाठवायला बंदी. इतकं पाळलं तर त्या जहाजावर हल्ला करता येत नाही, ते पकडताही येत नाही.

कोडी करडं आहे. त्यावर सैनिक बसतात, रणगाडा चढतो, मशीनगन लावायच्या जागा आहेत. म्हणजे ते कायद्याने हॉस्पिटल जहाज नाही आणि आहे तसं होऊही शकत नाही. कलम २८ एवढंच म्हणतं की युद्धनौकेवर चकमक झाली तर तिथल्या दवाखान्याला शक्य तितकं जपावं. आता क्षेपणास्त्राला दवाखाना कुठल्या मजल्यावर आहे ते कोण सांगणार?

उदाहरण या कुटुंबातलंच आहे. स्विफ्ट नावाचा कॅटामरान, ऑस्ट्रेलियात होबार्टला बांधलेला, अमेरिकन नौदलाने भाड्याने घेऊन याच प्रकारच्या जहाजांचे प्रयोग केले. पुढे तो संयुक्त अरब अमिरातीकडे गेला. १ ऑक्टोबर २०१६ ला येमेनच्या किनाऱ्याजवळ तिथल्या हौथी बंडखोरांनी त्यावर क्षेपणास्त्र टाकलं. अमिरातीचं म्हणणं, त्यातून मदतसामग्री आणि जखमींची ने-आण चालली होती. समोरचे म्हणाले, युद्धसामग्री. रंग करडा, त्यामुळे दोघांनाही आपापलं म्हणायची सोय. फोटो बघा, पुढचा भाग जळून पिंजरा झालाय. अ‍ॅल्युमिनियम साडेसहाशे अंशांच्या आसपास वितळतं.

पांढरा रंग म्हणजे कवचकुंडलं, असंही नाही. १९४३ साली सेंटॉर हे ऑस्ट्रेलियाचं हॉस्पिटल जहाज सगळे दिवे लावून, क्रॉस झळकवत चाललं असताना जपानी पाणबुडीने बुडवलं. २६८ गेले. पण निदान तो गुन्हा आहे हे सगळं जग म्हणालं.

इंजिनरूम

मग तुमच्या मते काय करावं? टेम्पो वेगळा, हॉस्पिटल वेगळं?

कलम_३४

फॉकलंड १९८२, ब्रिटन-अर्जेंटिना युद्ध, बघा, मला आजवर तेच सगळ्यात शहाणपणाचं वाटलंय. युगांडा नावाचं मोठं प्रवासी जहाज हॉस्पिटल केलं. आणि हेक्ला, हेरल्ड, हायड्रा ही तीन लहान सर्वेक्षण जहाजं पांढरी रंगवून रुग्णवाहिका केली. युगांडावर ऑपरेशन, आणि बरे होण्याजोगे जखमी ही तीन जहाजं उरुग्वेतल्या मोंटेव्हिडिओला पोचवायची, तिथून विमानाने घरी. युद्धक्षेत्राच्या उत्तरेला समुद्रात एक तटस्थ चौकोन ठरवला, दोन्ही बाजूंची हॉस्पिटल जहाजं तिथे. भूलवाली विचारत होत्या ना, पुढे पेशंट कशाने जाणार, त्याचं उत्तर आधी ठरवलं आणि मग जहाजं रंगवली.

अश्विनीकरांनी सांगितलेली आपली सर्वेक्षण जहाजांची रीत या जातकुळीतली आहे. संधायकला चांगली दहा दिवस आधी नोटीस देऊन पांढरं करता येतं. कोडीला ते करायचं तर आधी आतला टेम्पो रिकामा करावा लागेल आणि हॉस्पिटल जहाज असेपर्यंत परत भरता येणार नाही.

मांडवाकर

म्हणजे वादळात चालत नाही आणि युद्धात सुरक्षित नाही. घ्या!

भूलवाली

इतकंही नाही हो. भूकंप, सुनामी, पूर यांत कोणी क्षेपणास्त्र टाकत नाही, आणि त्या जहाजाच्या आयुष्यातले बहुतेक पेशंट त्यातलेच असणार. तिथे मात्र गोळ्या लागलेले कमी येतात. येतात ते अडलेली बाळंतपणं, सडलेले पाय, साखर सहाशे, डायलिसिस चुकलेले. २०१७ साली कम्फर्ट पोर्तो रिकोला गेलं तेव्हाही असे जुनाट आजारांचेच पेशंट पुष्कळ. त्याला छान सर्जन काय कामाचा? त्याला हवा फिजिशियन, इन्सुलिन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ.

बाय द वे, ऑपरेशन थिएटर आहे म्हणजे टीम कायम तिथे बसलेली असते का?

अश्विनीकर

नसते. जहाज चालवणारे नागरी खलाशी, डॉक्टर-नर्स नौदलाच्या इस्पितळांतून मोहिमेपुरते चढतात. आमच्याकडेही तसंच. अश्विनीतून फोन यायचा, बॅग भर. आणि ज्या दिवशी सर्जन जहाजावर जातो त्या दिवशी इस्पितळातली त्याची यादी पुढे ढकलली जाते, हे कोणी मोजत नाही. पूर्वी बॅग भरताना आमचे एक सर्जन स्वतःची सुई धरायची चिमटी रुमालात गुंडाळून न्यायचे. जहाजावरच्या नव्या सेटवर त्यांचा विश्वास नसे.

नवखा

आपल्याकडे नंदुरबारला नर्मदेच्या फुगवट्यावर तरंगता दवाखाना चालतो तो यात मोडतो का? आणि केरळने मच्छीमारांसाठी प्रतीक्षा, प्रत्याशा, कारुण्य अशा तीन सागरी रुग्णवाहिका २०२० मध्ये आणल्या, त्या?

इंजिनरूम

मोडतात की. नंदुरबारवर कोणी स्थानिक असेल तर वेगळा धागा काढा, वाचायला आवडेल. बोटीचं इंजिन कोणतं आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की धक्का कुठे हलवतात, एवढं आवर्जून लिहा.

मांडवाकर

आणि पाऊस लागला की बंद असते का, तेही.